पांढरा गोंद, पांढरी पावडर

मे महिन्यात रत्नागिरीला गेलो होतो. घरात आगोटीची लगबग. काकू म्हणाली, "इंजिनीअर ना तू? मग बरण्यांना लेबलं चिकटव बघू." मी सुतारकामाचा पांढरा गोंद घेतला आणि प्लॅस्टिकच्या बरण्यांवर कागद डकवले. दुसऱ्या दिवशी सगळी लेबलं जमिनीवर! "एवढं शिकून काय केलंस?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात अख्खा वीकेंड गेला. त्याचाच हा रिपोर्ट :)

तर मंडळी, हा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. त्याचं मूळ जर्मनीत, फ्रिट्झ क्लाटे ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या १९१२ च्या कामात. गंमत म्हणजे पीव्हीसीचं १९१३ चं पेटंटही ह्याच माणसाचं. तेव्हा पीव्हीसीचं करायचं काय हेच कुणाला कळेना, म्हणून कंपनीने १९२५ साली ते पेटंट चक्क सोडून दिलं!

आपल्याकडे सुतार तेव्हा सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, चुलीवर गरम करायचा, वास तर विचारू नका. १९५९ साली बळवंत पारेख ह्यांनी फेविकॉल आणला आणि सुतारांची त्यातून सुटका झाली. नावातलं 'कॉल' आलं जर्मन 'मोविकॉल'वरून. आणि क्लाटेचं दुसरं अपत्य? ते १९९४ साली थेट रत्नागिरीत आलं. पावसच्या दिशेला, रणपारच्या समुद्रकाठी फिनोलेक्सचा कारखाना सुरू झाला. तिथे पीव्हीसीची पांढरी पावडर तयार होते, तिचेच पुढे पाइप बनतात.

आता मूळ प्रश्न. पांढऱ्या गोंदात रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. लाकूड पाणी शोषून घेतं, कण एकमेकांना भिडतात, त्यांचा सलग पापुद्रा होतो आणि तो लाकडाच्या छिद्रांत रुतून बसतो. प्लॅस्टिकला छिद्रंच नाहीत. शिवाय पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या आसपास (मिलिन्यूटन प्रति मीटर), आणि पॉलिथिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३१. म्हणून त्यावर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानावरच्यासारखं गोळा होतं. गोंद सुकतो खरा, पण धरणार कशाला?

पीव्हीसी पाइप जोडताना प्लंबर सॉल्व्हंट सिमेंट लावतो. ते पाइपाचा पृष्ठभागच विरघळवतं, सॉल्व्हंट उडून गेला की दोन पाइप एकजीव. पण तो उडतो कुठे? बंद बाथरूममध्ये काम करणाऱ्या प्लंबरच्या नाकात! डोकं दुखतं, गरगरतं. पाण्यातले गोंद आणि रंग हवेत ते ह्यासाठी. 'इको-फ्रेंडली' वगैरे शब्द नंतरचे.

मग उपाय दोन बाजूंनी झाले. एकीकडे रेझिन बदललं: १९५३ पासून रंगांसाठी ॲक्रिलिक इमल्शनं आली, पुढे पाण्यातली पॉलियुरेथेनं. दुसरीकडे प्लॅस्टिकलाच तयार केलं: कोरोना डिस्चार्ज, म्हणजे विजेचा मारा करून पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसवायचे, की पाण्यातली शाई आणि गोंद नीट पसरतात. दुधाच्या पिशवीवरची छपाई टिकते ती अशा तयारीमुळेच. थोडक्यात, नुसता कोड बदलून भागत नाही, प्लॅटफॉर्मकडेही बघावं लागतं!

हे सगळं काकूला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तोवर तिने बरण्यांच्या गळ्यात सुतळीने चिठ्ठ्या बांधल्याही होत्या.

असो. उद्या सोमवार..