नागरी कचऱ्यापासून वीज व उष्णता : शोर्डिच ते तिमारपूर – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नागरी कचरा हा आज प्रामुख्याने पर्यावरणशास्त्राचा विषय मानला जात असला, तरी त्यातून ऊर्जा मिळविण्याच्या प्रयत्नांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. या इतिहासात यंत्राइतकेच कचऱ्याचे स्वरूपही निर्णायक ठरल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात इंग्लंड, डेन्मार्क व भारत येथील निवडक प्रयोगांच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे.

इंग्लंडमधील आरंभ :
इ. स. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम येथे मॅन्लव्ह, अ‍ॅलिऑट आणि कंपनीने कचरा जाळण्याची भट्टी उभारली. 'डिस्ट्रक्टर' या नावाने ती ओळखली गेली. तिचा मूळ हेतू कचऱ्याचा नाश हा होता, ऊर्जानिर्मिती नव्हे. पुढे १८९७ मध्ये लंडनमधील शोर्डिच येथे कचऱ्याच्या ज्वलनातून वाफ व वाफेपासून वीज निर्माण करण्यात आली. 'धुळीतून प्रकाश व शक्ती' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्या इमारतीवर कोरलेले आहे. तत्कालीन लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जाळला जात असे. त्यामुळे कचऱ्यात अर्धवट जळलेल्या कोळशाचे प्रमाण मोठे होते. 'धूळ' म्हणून टाकलेल्या वस्तूतच इंधन दडलेले होते.

डेन्मार्कमधील विकास :
कोपनहेगनने वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग नगरपालिकेकडे कचरा टाकण्यास जागा उरली नव्हती. तिने १९०३ मध्ये भस्मीकरण केंद्र उभारले व विजेबरोबरच निर्माण होणारी उष्णता रुग्णालय, बालकाश्रम आदी संस्थांना पुरविली. थंड हवामानामुळे या उष्णतेला कायमचे गिऱ्हाईक होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे सामूहिक उष्णतापुरवठ्याच्या जाळ्याला गती मिळाली आणि कचरा हा त्या जाळ्याचा एक आधार बनला.

तिमारपूरचा अनुभव :
भारतात डेन्मार्कच्याच साहाय्याने दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये प्रकल्प उभारण्यात आला. दररोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॅट वीज निर्माण करण्याची त्याची क्षमता होती. परंतु अल्पकाळातच तो बंद पडला. प्रत्यक्षात आलेल्या कचऱ्याचे औष्णिक मूल्य आराखड्यात गृहीत धरलेल्या मूल्यापेक्षा बरेच कमी होते. यामागील कारणे भारतीय नागरी जीवनात शोधावी लागतात. भाजीपाल्याची देठे, उष्टे-खरकटे यांमुळे कचरा ओला असतो, तर रस्ते झाडताना माती व वाळू त्यात मिसळते. शिवाय कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक हे जळण्याजोगे पदार्थ रद्दीवाले, भंगारवाले व कचरावेचक यांनी आधीच वेगळे केलेले असतात. म्हणजेच भट्टीला जे इंधन हवे, तेच कचरावेचकाच्या उपजीविकेचे साधन असते. हा संघर्ष आराखड्यात विचारात घेतला गेला नाही.

महाराष्ट्रातील पर्यायी दिशा :
ओल्या कचऱ्यास ज्वलनापेक्षा जैविक वायुनिर्मिती अधिक अनुरूप ठरते, कारण तेथे ओलावा हा दोष न राहता प्रक्रियेचा घटक बनतो. सोलापूर येथे याच तत्त्वावर वीजनिर्मिती प्रकल्प उभा राहिला. नाशिक येथे २०१७ मध्ये ओला कचरा व सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र करून बायोगॅस व वीज मिळविण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली व पुढे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करण्याचे काम स्वीकारले. देशपातळीवर २००० व २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणावर भर दिला. १,५०० किलोकॅलरी प्रति किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक औष्णिक मूल्य असलेला, पुनर्वापरास अयोग्य कचरा ऊर्जेसाठी वापरावा, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत करण्यात आली.

निष्कर्ष :
शोर्डिचला कोळशाने तारले, फ्रेडरिक्सबर्गला थंडीने. तिमारपूरला यांपैकी कशाचाही आधार नव्हता. तंत्रज्ञान आयात करता येते, कचरा मात्र स्थानिकच असतो. त्यामुळे भट्टीच्या क्षमतेपूर्वी त्या शहराचे स्वयंपाकघर, हवामान आणि कचऱ्यावर पोट असणारी माणसे यांचा अभ्यास होणे अगत्याचे आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.