रोमन साम्राज्यकालीन कांस्य नाण्यांची ओळख

रोमन साम्राज्यकालीन कांस्य नाणी ही रोमन सम्राटांच्या राजवटीत पाडलेली तांब्याची व त्याच्या मिश्रधातूंची नाणी होत. सोन्याचांदीच्या नाण्यांच्या मानाने ती अधिक काळ हाताळली गेल्यामुळे अनेकदा झिजलेली आढळतात. त्यामुळे त्यांची ओळख एका खुणेवरून न ठरवता धातू, आकार, मुखवटा, लेख आणि टांकसाळीची खूण यांचा एकत्र विचार करून ठरवली जाते.

मूल्ये व धातू

ऑगस्टसच्या चलनसुधारणेनंतर सेस्टर्शियस व डुपाँडियस ही नाणी पितळेची, तर अ‍ॅस हे नाणे तांब्याचे असे. एका सेस्टर्शियसचे ४ व एका डुपाँडियसचे २ अ‍ॅस होत. सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅम वजनाचे असल्याने सहज ओळखू येते. डुपाँडियस व अ‍ॅस आकाराने जवळपास सारखे असतात आणि गंजाच्या थराखाली धातूचा रंग दिसत नाही. अशा वेळी सम्राटाच्या मस्तकावरील किरणयुक्त मुकुट उपयोगी पडतो. नीरोच्या काळापासून तो बहुधा डुपाँडियसवर आढळतो.

दर्शनी बाजू

लेख वाचता येत नसल्यास चेहऱ्यावरून स्थूल काळ ठरवता येतो. पूर्ण दाढी राखण्याची प्रथा हेड्रियानपासून (इ.स. ११७–१३८) रूढ झाली. कॉन्स्टन्टाईन पहिला याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धापासून रत्नजडित शिरपट्टी दिसू लागते. त्यानंतरच्या गुळगुळीत चेहऱ्यांत ज्युलियनचा (इ.स. ३६१–३६३) दाढीधारी चेहरा उठून दिसतो.

लेखातील पदव्यांमुळे काळ अधिक नेमका होतो. ट्राजान इ.स. १०३ ते १११ या काळात पाच वेळा, तर ११२ पासून सहा वेळा कॉन्सल झाल्याचा उल्लेख नाण्यांवर येतो.

मागील बाजू

पहिल्या तीन शतकांतील बहुसंख्य कांस्य नाण्यांवर 'एस सी' ही अक्षरे असतात. ती 'सेनातुस कोन्सुल्तो', म्हणजे 'सेनेटच्या ठरावाने', या शब्दांचे संक्षिप्त रूप होत. चौथ्या शतकात चित्राखालील रेषेच्या तळाशी टांकसाळीची खूण असते, उदा., 'एएनटी' म्हणजे अँटिओक, 'एएलई' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'एसआयएस' म्हणजे सिस्किया. चित्रातील बारकावेही महत्त्वाचे ठरतात. दोन सैनिकांमध्ये दोन ध्वजदंड असल्यास नाणे साधारण इ.स. ३३०–३३५ मधील, तर एकच असल्यास त्यानंतरचे असते.

बनावट नाणी व जतन

सोळाव्या शतकात पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो याने सेस्टर्शियसच्या धर्तीवर पदके घडवली. ती पुढे अस्सल नाणी म्हणूनही खपली. ओतीव नकलांच्या कडेवर साच्याचा सांधा दिसू शकतो. श्रीलंकेत उत्तरकालीन रोमन नाण्यांच्या स्थानिक प्रतिकृतीही सापडल्या आहेत. त्या मात्र प्राचीन काळातल्याच आहेत.

नाणे आम्लाने किंवा घासून स्वच्छ केल्यास गंजाच्या थरासोबत लेखाचे उरलेले अवशेषही नष्ट होतात आणि ओळख कायमची हुकते. नाणे कोठे व कोणत्या थरात सापडले याची नोंद नाण्याइतकीच मोलाची मानली जाते.