सियागंजातली बंदूक आणि महूतले उत्तर

इंदूरला गेलो की सियागंजात एक फेरी ठरलेलीच असते. माझ्या सौ.चे आजोळ इंदूरचे, आणि तिथले धणे-जिरे गोव्यात मिळत नाहीत असा तिचा ठाम समज! रेल्वे स्टेशनच्या बाजूलाच हा घाऊक बाजार. गल्लीत शिरलो की आधी मिरचीचा ठसका लागतो, मग हातगाड्यांचा धक्का. या खेपेस मामांनी (सौ.च्या) मला त्यांच्या ओळखीच्या एका शेटजींच्या पेढीवर नेले. यादी दिली, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. मामांनी उत्साहाच्या भरात सांगून टाकले, "आमचे जावई गोव्यात सरकारी कचेरीत आहेत. बंदुकीच्या परवान्यांच्या फायली यांच्याच टेबलावरून जातात."

झाले! काही वर्षांपूर्वी ते टेबल माझ्याकडे होते खरे, पण त्या एका वाक्याने पेढीवरचे चारही जण माझ्याकडे वळले. शेटजींकडे आजोबांच्या काळची बारा बोअरची दुनाळी. शेजारच्या दुकानदाराकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर. आजोबांची बंदूक नातवाच्या नावावर कशी होते, नूतनीकरणाला उशीर झाला तर काय होते, रात्री चोर गोदामात शिरला आणि गोळी झाडली तर तुरुंगात कोण जातो, असे प्रश्नावर प्रश्न.

मला माहीत होते तेवढे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. लग्नाच्या वरातीत हौसेने बार उडवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि चोराचे म्हणाल तर स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहेच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण गरजेपुरतेच बळ वापरायचे, ही अट तेव्हाही होती, आजही आहे. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणे म्हणजे स्वसंरक्षण नव्हे.

तिसरे गृहस्थ वयस्कर. त्यांचा बंदुकीवर विश्वास नाही. मे २०२५ मध्ये युद्धाचे ढग जमले, देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा त्यांनी सेलवर चालणारा छोटा रेडिओ घेऊन ठेवला. "मोबाईल बंद पडला तर खरी बातमी कोण देणार? माझे हत्यार हे," असे म्हणून त्यांनी तो गल्ल्याखालून काढून दाखवला. सगळे हसले.

चौथा माणूस हसला नाही. तो होता हमालांचा मुकादम. दारातच उभा राहून ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, भीती काय फक्त तिजोरीवाल्यालाच वाटते? आमच्या गावी आमच्या पोराला वरातीत घोड्यावरून उतरवतात. आमच्याकडे कोणाला मिळतो परवाना?"

पेढीवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्या प्रश्नाला मी तिथे अर्धेमुर्धे उत्तर दिले. पुरे उत्तर शोधत दुसऱ्या दिवशी महूला गेलो. हा लेख त्याचाच.

हत्यार कोणी बाळगावे हा प्रश्न माळव्याला नवा नाही. यशवंतराव होळकरांनी अखेरच्या काळात भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि १८११ साली तिथेच ते वारले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि शेजारी महूला इंग्रजांची छावणी बसली. सियागंजापासून महू वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे राजा इथे आणि राजावर नजर ठेवणारी बंदूक तिथे!

१ जुलै १८५७ रोजी सआदत खान आणि त्याच्या साथीदारांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. त्याच दिवशी महूचे शिपाईही उठले. हा उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी सर्वांत मोठा धडा कोणता घेतला असेल तर तो हा, की नेटिवाच्या हातात हत्यार नको. त्यातून १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, पण संदेश सगळ्या देशाला पोचला. बंदूक ही वस्तू राहिली नाही, सरकारचा कोणावर विश्वास आहे त्याचे ते प्रमाणपत्र झाले.

आमच्या गोव्यात राज्य पोर्तुगीजांचे, पण गोष्ट तीच. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि सत्तरीच्या बंदुकांनी पोर्तुगीज सरकारची झोप उडवली. १८९५ साली पणजीतल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत जायला नकार दिला आणि हत्यारांसह ते थेट नाणूसला गेले. बंदूक ज्याच्या हातात दिली तो उद्या ती कोणाकडे वळवील, ही धास्ती प्रत्येक सरकारला असते.

आता महूकडे वळू. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो याच छावणीत. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. महार समाजाचे लष्कराशी नाते जुने. कोरेगावच्या स्तंभावर त्यांच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. पण बाबासाहेब जेमतेम दोन वर्षांचे होतात न होतात तोच, १८९२-९३ च्या सुमारास, इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय, तर 'लढवय्या जाती' नावाचे नवे शास्त्र. काल ज्याने लढाई जिंकून दिली तो आज जन्माने लढवय्या नाही असे ठरले.

यात नुसती नोकरी गेली नाही. अस्पृश्याच्या घरात शाळा आली ती लष्करामुळे, पेन्शन आली ती लष्करामुळे, गणवेशात ताठ उभे राहता आले तेही लष्करामुळेच. म्हणून पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. गरज सरो, वैद्य मरो! शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती आमच्या शेजारी, बेळगावात. त्यामागे बाबासाहेबांचा मोठा पाठपुरावा होता.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून डिसेंबर १९४८ ची घटना समितीतली चर्चा पाहावी. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला होता, अर्थात नियमांच्या अधीन राहून. ह. वि. कामत यांनी त्याचीच आठवण देऊन हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे कोण म्हणेल? १८७८ चा अपमान ताजा होता.

उत्तर द्यायला उभे राहिले महूला जन्मलेले बाबासाहेब. ज्यांच्या समाजाच्या हातातून बंदूक काढून घेतली गेली, ते तरी हा हक्क मागतील असे वाटले असते. पण त्यांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार मोकळेपणी विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्य चालवणेच अशक्य होईल. आग्रह धरायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरा. देशावर संकट आले तर राज्याने प्रत्येक नागरिकाला हाक मारावी. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात जमण्याचा हक्क आहे, तोही शांततेने आणि विनाशस्त्र.

मला वाटते, बाजाराचे नियम त्यांना नीट ठाऊक होते. बंदूक बाजारात मोकळी झाली की ती आधी कोणाच्या घरी जाईल? मुकादमाच्या नव्हे. गावात ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि माणसे आहेत त्याच्याच घरी चार जास्त येतील. हक्क कागदावर सारखा आणि गोळी मात्र एकाच दिशेने, असा तो प्रकार झाला असता. हत्याराची सैन्यात समान वाटणी व्हावी यासाठी जो माणूस झगडला, त्यानेच ते बाजारात खुले करायला विरोध केला. मला त्यात विसंगती दिसत नाही. भरतीच्या वेळीही सर्वांना एकच दार असावे हे त्यांचे मागणे होते, आणि इथेही तेच.

मग मुकादमाच्या प्रश्नाचे काय? तर कायद्यात त्याचे उत्तर आहे, फक्त कोणी ते सांगत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणाने कोणाचा परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवायची, आणि त्यावर अपील करता येते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाचे १९९५ चे नियम तर पुढे जातात. जिथे अत्याचाराची भीती आहे असा भाग निश्चित झाला, तिथे इतरांचे परवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तिसऱ्या नियमात आहे. क्रम पाहा. आधी धाक घालणाऱ्याचे हत्यार काढा, मगच दुसऱ्याला द्या. घटना समितीतल्या त्या उत्तराचा धागाच मला यात दिसतो.

आता कचेरीतला अनुभवही सांगतो. इतकी वर्षे फायली पाहिल्या, पण हे १४ वे कलम दाखवत अर्ज करायला आलेला गरीब माणूस माझ्या टेबलासमोर कधी उभा राहिला नाही. आणि खरे सांगायचे तर, मीही ते कोणाला आपणहून सांगितले नाही. विचारल्याशिवाय सांगायचे नाही ही आम्हा कारकुनांची जुनी खोड. ती खोडही एक प्रकारे हत्यारच, आणि त्याला परवाना लागत नाही.

कायदा लोकांनी वापरला तर हलतो, याचे उदाहरण गोव्यातच आहे. आमच्याकडे कुळागरात रानडुकरे आणि माकडे शिरतात म्हणून पीकसंरक्षणासाठी बंदुका असतात. निवडणूक आली की साऱ्यांच्या बंदुका सरसकट पोलीस ठाण्यात जमा करायच्या असा शिरस्ता. लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००९ साली न्यायालयाने सांगितले, की सरसकट नको, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासून ठरवावे. पुढे निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ती पद्धत आली. शेतकऱ्याने मिळवलेला हा न्याय आज इंदूरच्या शेटजींच्या दुनाळीलाही लागू आहे!

आणि तो गल्ल्याखालचा रेडिओ? आपण त्याला हसलो, पण सरकारे त्याला हसत नव्हती. एके काळी घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलासुद्धा परवाना लागे, तो १९८० च्या दशकात गेला. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, त्यासाठी त्यांना तुरुंग भोगावा लागला. आमच्या गोव्यात पोर्तुगीजांनी वृत्तपत्रांचे तोंड बांधले, तेव्हा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' चालवला. विंचू-सापांच्या सोबतीने सहा वर्षे. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्तीची बातमी त्यांनी विमानातून जाहीर केली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. त्याच १९५५ साली मोहन रानडे यांनी बेतीच्या पोलीस ठाण्यावर सशस्त्र हल्ला केला, गोळी लागून पकडले गेले आणि १९६९ पर्यंत कैदेत राहिले. दोन्ही वाटा आमच्याच, दोहोंना वंदन. पण ज्याच्या हातात बंदूक येण्याची शक्यता नाही त्याला आपले म्हणणे दूरवर पोचवण्याचे साधन तरी हवे, हे त्या रानातल्या आवाजाने दाखवून दिले.

महूला आज इन्फंट्री स्कूल आहे, म्हणजे बंदूक चालवायचे शिक्षण. तिथेच लष्कराचे दूरसंचार महाविद्यालय आहे, म्हणजे रेडिओचे शिक्षण. आणि त्यांच्याजवळच बाबासाहेबांचे जन्मस्मारक. पेढीवरच्या गप्पांतले तीनही विषय एकाच गावात! स्मारकाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. शाळेच्या सहलीची मुले रांगेत चालली होती, बाई त्यांना "चुप रहो" म्हणून दटावत होत्या.

परत जाण्याआधी पुन्हा सियागंजात गेलो. धणे बांधून तयार होते. मुकादमाला गाठले, एका कागदावर शस्त्र कायद्याचे कलम १४ आणि १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम लिहून दिला. त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "बंदूक नको हो साहेब. पण त्याचा परवाना रद्द करा, असा अर्ज करता येतो हे माहीत नव्हते."

असो. धण्यांना वास मात्र खरोखरच चांगला आहे, हे सौ.चे म्हणणे आता मान्य करायला हवे.