नाणेघाट ते कफर्णहूम

इ.स. 27 मधला मार्गशीर्ष. तुम्ही नाणेघाटाच्या माथ्यावर उभे आहात. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख एव्हाना जुना झालाय: कोणत्या यज्ञाला किती गायी, किती कार्षापण दिले, त्याचा आकडेवार हिशेब. बाहेर दगडी रांजण. जकातीची नाणी यातच पडत, असं मुरबाडकर आजही सांगतात. म्हणून तुम्हीही एक टाकता. कारकून वर न बघताच हात पुढं करतो. अजून एक हवंय.

शिव्या गिळून तुम्ही बैलांमागं घाट उतरता. गोण्यांत पैठणचे अकीक, तेरचं सुती कापड. शहापूरच्या अंगाला थळ घाटानं उतरलेले तांडे सोपाऱ्याकडं वळतात, तुम्ही मुरबाडच्या रानातून कल्याणला. हिवाळी ईशान्य वारा गलबताला तांबड्या समुद्रापर्यंत ढकलत नेतो. मिसरच्या बंदरात रोमन जकात: मालाचा चौथा हिस्सा. नाणेघाटचा कारकून एकदम सज्जन वाटू लागतो.

तिथून पुढं चालत तुम्ही यार्देन नदीवर येता. रोमन सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष. यार्देनच्या गढूळ पाण्यात बाप्तिस्मा देणारा योहान उभा आहे. अंगात उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा. खातो टोळ आणि रानमध. मधाचं तुम्हाला नवल नाही, आग्या माश्यांचं पोळं धुरावर उतरवणारे हात तुम्ही गावी पाहिलेत. नवल पुढंच आहे. जकातदार त्याला विचारतात, आम्ही काय करावं? एवढा कडक वैरागी, नोकरी सोडा म्हणेल असं वाटतं. तो म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, लोकांना लुबाडू नका, पगारात भागवा.

गर्दीत नासरेथचा येशू नावाचा एक तिशीचा माणूसही आहे, तोही बाप्तिस्मा घेतो. शुभवर्तमानात मार्क लिहितो की पाण्यातून वर येताना येशूला आकाश फाटलेलं दिसलं. तुम्हाला निथळणारी दाढी दिसते, बस्स. मग चाळीस दिवस तो रानात. योहानाला अटक होते आणि हा गालीलात बोलू लागतो. शिमोन आणि अंद्रिया हे कोळी भाऊ जाळी तिथंच सोडून त्याच्यामागं निघतात.

कफर्णहूम. गालीलचा शासक हेरोद अंतिपाची हद्द जवळच संपते, म्हणून इथंही नाका. नाक्यावर अल्फीचा मुलगा लेवी. येशू थांबतो, माझ्यामागं ये म्हणतो. योहानानं जकात नीट घ्यायला सांगितलं होतं. हा थेट गादीवरून उठवतो! लेवी खरंच उठतो. माशांची टोपली घेऊन रांगेत उभा असलेला कोळी बघतच राहतो.

मग लेवीच्या घरी जेवण. पंगतीत जकातदारच जकातदार, मधे येशू. बाहेर यहुदी शास्त्री त्याच्या शिष्यांना विचारतायत, हा असल्यांबरोबर जेवतो कसा? आत कुणीतरी सरकून तुम्हाला जागा करून देतं. नाणेघाटापासून ज्यांना शिव्या घालत आलात त्यांच्या मांडीला मांडी लावायची, की शास्त्र्यांबरोबर दारात थांबायचं? लवकर ठरवा, वाढप सुरू झालंय.