लसूण : औषध आणि अतिरेक

आमच्या ताडकळसकडे ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा ताटात असला की दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाही. या लसणाबद्दल तक्रार करायला मी आलेलो नाही. पण गेल्या काही वर्षांत एक नवी रीत पडली आहे. रक्तदाबावर म्हणून, चरबीवर म्हणून, सकाळी उपाशीपोटी कच्च्या पाकळ्या चावायच्या. एकीच्या दोन, दोनाच्या दहा! आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी हेच केले. सोबत रक्त पातळ करणारी गोळीही चालू होती. दाढ काढली, तर रक्त थांबता थांबेना. डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली. लसणाचे नाव शेवटी निघाले.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते काय? होते. आंबट सोडून बाकी पाचही रस ज्यात आहेत, एका रसाने उणा म्हणून तो ‘रसोन’, अशी व्युत्पत्ती सांगतात. १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य आशियात कुचा येथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची संस्कृत पोथी मिळाली. तिचा आरंभच लसणाच्या गुणवर्णनाने होतो. वाग्भटानेही ‘अष्टांगहृदया’त वातावर लसणासारखे औषध नाही असे म्हटले, पण पित्त आणि रक्ताचा विकार असेल तिथे तो वगळला. काळ सांगितला तो मुख्यतः थंडीचा, आणि शेवटी पित्त भडकू नये म्हणून सौम्य रेचक द्यायला सांगितले. म्हणजे स्तुती आणि पथ्य एकाच ठिकाणी!

आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात आणि मग चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतो. त्यामागे धर्मभावना आहे, पण वर्षातून काही महिने पोटाला विसावा मिळतो, हेही खरे.

आता आधुनिक शास्त्र काय म्हणते? लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होते. हे द्रव्य १९४४ साली अमेरिकेत वेगळे करण्यात आले. त्यापासून पुढे बनणारी काही द्रव्ये रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. १९९० साली अमेरिकेत ८७ वर्षांच्या एका गृहस्थांच्या मणक्यात रक्तस्राव झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. अति लसूण खाण्याकडे वैद्यांनी बोट दाखवले. म्हणून शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी लसणाच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाविर या औषधाचे रक्तातले प्रमाण लसणाच्या गोळ्यांनी निम्म्यावर आल्याचेही दिसले आहे. कच्च्या लसणाने छातीत जळजळ होते, कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या लसणाचाही धोका आहे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अशा लसणातून ३६ जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली होती.

मग काय, लसूण सोडायचा? मुळीच नाही. फोडणीतला, चटणीतला लसूण बहुतेकांना बाधत नाही; शिजल्यावर त्याचा तिखटपणाही उतरतो. भीती आहे ती औषध म्हणून मुठीने खाण्याची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दात काढायचा असेल, ऑपरेशन ठरले असेल, तर गोळ्यांच्या यादीत लसणाचेही नाव डॉक्टरांना सांगा. घरचा म्हणून तो निरुपद्रवी, असे समजू नका. अति तेथे माती, ही म्हण लसणालाही लागू आहे.