कादिझ बंदर : स्थलदर्शन व स्थानिक परंपरांची पारख

(१) स्पेन देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरांत शिरलेल्या एका चिंचोळ्या भूपट्टीच्या टोकास कादिझ हें बंदर वसलें आहे. तीन बाजूंस समुद्र आणि चौथ्या बाजूस ‘पुएर्ता दे तिएर्रा’ म्हणजे जमिनीकडील वेस, अशी जुन्या शहराची रचना आहे. फिनिशियन दर्यावर्द्यांनीं ह्यास ‘गादिर’ म्हणजे कोट किंवा तटबंदीचें आवार असें नांव दिलें. ग्रीकांनीं त्याचें गादेइरा केलें, रोमनांनीं गादेस, अरबांनीं कादिस. व त्यावरूनच हल्लींचें रूप सिद्ध झालें. नांव सुमारें तीन हजार वर्षें टिकलें. कागद मात्र टिकले नाहींत.

इ. स. १५९६ च्या उन्हाळ्यांत अर्ल ऑफ एसेक्स व लॉर्ड हॉवर्ड ह्यांच्या हाताखालील इंग्रज व डच आरमारानें हें शहर काबीज करून लुटलें आणि निघतांना त्यास आग लाविली. जुनें मुख्य चर्च जळालें व शहराचें दप्तरही नष्ट झालें. हेंच आरमार परततांना पोर्तुगालच्या फारो बंदरांत उतरलें व तेथील बिशपचा ग्रंथसंग्रह उचलून घेऊन गेलें. तो पुढें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयास मिळाला. फारोचे ग्रंथ लुटले गेले म्हणून निदान कोठें तरी राहिले. कादिझचें दप्तर जळालें तें कायमचेंच गेलें. आगुस्तीन दे ओरोथ्को ह्यानें त्यानंतर दोन-एक वर्षांतच शहराचा इतिहास लिहून काढला, परंतु तो इ. स. १८४५ पर्यंत हस्तलिखितांतच पडून होता. दुसरा इतिहासकार सुआरेथ दे सालासार ह्याचा ग्रंथ इ. स. १६१० चा.

तात्पर्य, १५९६ पूर्वींच्या कादिझविषयीं बोलावयाचें तर ग्रीक-रोमन ग्रंथकारांचे उल्लेख, जमिनींतून निघणाऱ्या वस्तु व लोकांच्या तोंडची परंपरा हींच मुख्य साधनें उरतात. अस्सल कागद नसेल तेथें परंपरेस किती मोल द्यावें, हा प्रश्न बखरी चाळणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांसही नवा नाहीं. कांहींजण बखर सर्वस्वी खरी मानतात, कांहीं ती सर्वस्वी त्याज्य ठरवितात. कादिझच्या परंपरा एकेक घेऊन पुराव्याशीं ताडून पाहिल्या असतां ह्या दोन्ही टोकांपेक्षां निराळा निर्णय निघतो, तो दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) शहराची स्थापना. रोमन इतिहासकार वेल्लेयस पातेर्क्युलस ह्याच्या म्हणण्याप्रमाणें ट्रॉय नगराच्या पाडावानंतर सुमारें ८० वर्षांनीं टायरच्या लोकांनीं हें शहर वसविलें; म्हणजे हा काल ख्रिस्तपूर्व ११०० च्या सुमारास येतो. स्ट्राबोनें गादेसच्या लोकांकडून चालत आलेली हकीगत दिली आहे, ती अशी : देववाणी झाल्यावरून टायरकरांनीं तीन वेळां माणसें पाठविलीं, पहिल्या दोन ठिकाणीं बळीचे शकुन अनुकूल मिळाले नाहींत म्हणून तीं परत फिरलीं, तिसऱ्या खेपेस बेटाच्या पूर्वभागीं मंदिर व पश्चिमभागीं शहर स्थापिलें. कादिझचा नागरिक आजही आपलें शहर तीन हजार वर्षांचें आहे असें अभिमानानें सांगतो.

एवढ्या जुन्या वस्तीचा पुरावा जमिनींतून फार दिवस निघेना, म्हणून पुष्कळ विद्वान् ही परंपरा निव्वळ बढाई समजत. पुढें २१ व्या शतकाच्या पहिल्या दशकांत, ‘तिया नोरिका’ ह्या कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहाखालीं उत्खनन झालें. तेव्हां ख्रिस्तपूर्व ९ व्या शतकांतील रस्ते, मातीच्या भिंतींचीं घरें व भट्ट्या उघड झाल्या. इ. स. २०१४ पासून हें स्थळ प्रेक्षकांस पाहतां येतें. वरतीं बाहुल्यांचा खेळ व खालीं फिनिशियन गल्ली, असा हा योग आहे. परंपरेनें सांगितलेलें मूळ, म्हणजे टायरकडील लोकांची फार प्राचीन वसाहत, हें खरें ठरलें. काल मात्र दोन-तीनशें वर्षांनीं मागें ओढलेला निघाला.

(३) मेलकार्तचें मंदिर व त्यांतील विहिरी. टायरचा देव मेलकार्त, त्यासच ग्रीक-रोमन लोक हर्क्युलीस म्हणत. इटलीवर स्वारी करण्यापूर्वीं हानिबालनें येथें येऊन नवस फेडले, असें लिव्ही सांगतो. तरुण सीझरनें ह्याच मंदिरांत अलेक्झांडरचा पुतळा पाहून, त्या वयांत अलेक्झांडरनें जग जिंकलें व आपल्या हातून कांहींच झालें नाहीं म्हणून खेद केला, असें स्वेतोनियस लिहितो. मंदिराचा मागमूस हल्लीं दिसत नाहीं. स्थानिक परंपरा तें शहराच्या आग्नेयेस असलेल्या सांक्ती पेत्री बेटाजवळ दाखविते, व तेथील समुद्रांतून निघालेल्या ब्राँझच्या मूर्ति कादिझच्या संग्रहालयांत ठेविल्या आहेत. इ. स. २०२१ मध्यें सेव्हिलच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं जवळच्याच खाडींत दुसरी जागा सुचविली. वाद संपलेला नाहीं. तथापि दोन्ही जागा परंपरेनें दाखविलेल्या दिशेसच आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्याच मंदिरांतील विहिरींची कथा संशोधकांस फार बोधप्रद आहे. समुद्रास भरती आली कीं विहीर आटते व ओहोटी लागली कीं भरते, असें लोक सांगत, व पोलिबियससारख्या साक्षेपी लेखकानेंही तें नमूद केलें. पोसिदोनियस मात्र स्वतः गादेस येथें राहून आलेला होता. मंदिरांत विहिरी दोन असून शहरांत तिसरी आहे, असें त्यानें नोंदविलें. लहान विहिरीचा उपसा चालला कीं ती लौकरच आटे व उपसा थांबला कीं पुनः भरे. मोठीचें पाणी दिवसभर पुरे व रात्रीं कोणी काढीत नसल्यामुळें भरून येई. पुष्कळदां भरण्याची वेळ व ओहोटीची वेळ एक पडे, एवढ्यावरून लोकांनीं तो संबंध जोडला, असा त्याचा निकाल. स्ट्राबोनें हे दोन्ही पक्ष देऊन पोसिदोनियसच्या निकालाविषयींही शंका घेतली आहे. पोसिदोनियसचें म्हणणें धरल्यास लोकांचें निरीक्षण खोटें नव्हतें. त्यावर रचलेलें कारण चुकीचें होतें.

(४) दोन शवपेट्या. इ. स. १८८७ मध्यें ‘पुंता दे ला बाका’ येथें दर्यावर्दी प्रदर्शनासाठीं जमीन खणतांना दाढीवाल्या पुरुषाची आकृति कोरलेली संगमरवरी फिनिशियन शवपेटी सांपडली. तिचा काल ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारचा मानितात. पुढें येथील संग्रहालयाचे प्रमुख पेलायो किंतेरो ह्यांनीं, हिच्या जोडीची स्त्रीची पेटी असलीच पाहिजे, अशा श्रद्धेनें दफनभूमींत पुष्कळ खणती केली. ती त्यांस मिळाली नाहीं, व इ. स. १९४६ मध्यें तेतुआन येथें त्यांचें देहावसान झालें. इ. स. १९८० च्या सप्टेंबरांत एका इमारतीचा पाया खणतांना स्त्रीची पेटी निघाली. आणि ती जागा किंतेरो ह्यांच्या जुन्या घराची होती. किंतेरोंस ती पेटी स्वप्नांत दिसे, असेंही लोक आतां सांगतात. जागेचा योगायोग खरा आहे. स्वप्नाची कथा मागाहून वाढली असावी असें वाटतें. दोघांस ‘जोडपें’ मानण्याचा प्रघातही असाच. स्त्रीची पेटी ख्रिस्तपूर्व ४७० च्या सुमाराची, म्हणजे पुरुषाच्या पेटीपेक्षां सुमारें ७० वर्षें जुनी आहे. अर्थात् हें दांपत्य संग्रहालयाच्या दालनांतच जमलेलें आहे.

(५) पाल्माची देवी व समुद्राची लाट. ता. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बनच्या प्रसिद्ध भूकंपानें कादिझही हादरलें. धक्का सकाळीं दहाच्या सुमारास बसला व अकरा वाजून गेल्यावर समुद्र चालून आला. शास्त्रज्ञ आंतोनियो दे उल्योआ त्या वेळीं तेथें होता, व त्याचें पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापिलें आहे. पश्चिमेकडील तट फोडून पाणी शहरांत शिरलें. भूपट्टीवरील रस्त्यानें पळूं पाहणारे बुडाले. फ्रेंच नाटककार रासीन ह्याचा तरुण नातू त्यांतच गेला. अधिकाऱ्यांनीं जमिनीकडील वेस बंद केल्यामुळें पुष्कळांचे प्राण वांचले.

पश्चिमेकडील ‘ला बिन्या’ ह्या गरीब वस्तींतील परंपरा निराळी आहे. पाल्माच्या चर्चांतून धर्मगुरूनें देवीचें निशाण घेऊन बाहेर येऊन तें रस्त्यांत रोविलें व ह्यापुढें पाणी येऊं नये अशी प्रार्थना केली. तेव्हां पाणी तेथूनच मागें फिरलें. दरवर्षीं १ नोव्हेंबरास ह्याच्या स्मरणार्थ मिरवणूक निघते, व ती जागा रस्त्यांत दाखवितात. चमत्काराचा निर्णय इतिहासाच्या कक्षेंतला नाहीं. परंतु पाणी कोणत्या गल्लींत कोठपर्यंत आलें, ह्याची खूण त्या वस्तीनें श्रद्धेच्या योगें पिढ्यानुपिढ्या जपली. व ती खूण तट फुटल्याच्या लेखी हकीगतीशीं जुळते. कागदांत वेळ मिळते, मिरवणुकींत जागा मिळते.

(६) इतर स्थळें. इ. स. १७१७ मध्यें अमेरिकेच्या व्यापारावर देखरेख करणारी कचेरी सेव्हिलहून येथें आणिली गेली व शहरांत पैसा आला. परतणारीं गलबतें दुरून ओळखतां यावींत म्हणून व्यापाऱ्यांनीं घरांवर मनोरे बांधिले. त्यांतील शंभराहून अधिक आजही उभे आहेत. त्यांपैकीं ‘तोर्रे ताविरा’ हा इ. स. १७७८ मध्यें बंदराचा अधिकृत टेहळणी बुरूज ठरला व पहिल्या पहारेकऱ्याच्या नांवानें ओळखला जातो. सान फेलिपे नेरीच्या प्रार्थनामंदिरांत, फ्रेंचांचा वेढा चालू असतां, प्रतिनिधिसभेचीं अधिवेशनें भरलीं. तिनें केलेली राज्यघटना ता. १९ मार्च १८१२ रोजीं, म्हणजे संत जोसेफच्या सणास, जाहीर झाली. जोसेफचें लाडकें नांव पेपे, म्हणून लोक त्या घटनेस ‘ला पेपा’ म्हणतात. येथील कार्निव्हलांत गाणारीं मंडळें राज्यकर्त्यांची थट्टा करितात, इ. स. १९३७ मध्यें तो बंद करण्यांत आला, तरी इ. स. १९७७ मध्यें आपल्या मूळ रूपांत पुनः सुरू झाला.

(७) निष्कर्ष. वरील उदाहरणांवरून इतकें म्हणतां येतें, कीं परंपरेस जागा चांगली आठवते, काल वाईट आठवतो, व कारण ती बहुधा स्वतः रचते. म्हणून परंपरा खरी कीं खोटी असा एकच प्रश्न न विचारतां, तिचा कोणता अंश खरा, हें पाहिलें पाहिजे. कागद जळतो, कसर खाते, लुटारू नेतो; पण परंपराही ज्या गल्लीस, विहिरीस किंवा उंबऱ्यास चिकटलेली असते, ती वस्तु नाहींशी झाली कीं पुढें तिची तपासणी करतां येत नाहीं. पोसिदोनियस विहिरीवर गेला म्हणून त्यास निकाल देतां आला. अभ्यासकांनीं दप्तराची नक्कल करितांना त्या गांवची सांगोवांगीही स्थळाच्या नेमक्या निर्देशासह टिपून ठेवावी, व तिच्यावर आपला निर्णय मात्र निराळ्या ओळींत लिहावा. पुढच्या पिढीचें खोरें त्या जागीं पडलें, तर आपलें टिपण उपयोगी पडेल.