कागद कुणी आणून दिला?

एम.एस्सी.ला प्रयोगशाळेत पहिला धडा मिळाला तो हा, की नमुना स्वतः घ्यायचा. कुणीतरी बाटलीत भरून आणलेल्या पाण्यावरून विहिरीबद्दल बोलायचं नाही. आता पीएचडीसाठी ऑडिटचा इतिहास वाचतेय, तर तोच धडा पुन्हा पुन्हा समोर येतोय. तीन प्रसंग सांगते, बघा.

१८९६, इंग्लंड. किंग्स्टन कॉटन मिलच्या मॅनेजरने मालाचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला होता. ऑडिटरांनी त्याच्याच दाखल्यावर विश्वास ठेवला. अपील कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं: ऑडिटर म्हणजे राखणीचा कुत्रा, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे.

१९३८, अमेरिका. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या ताळेबंदातले सुमारे १.९ कोटी डॉलर निव्वळ कागदावरचे निघाले. गोदामातला माल कुणी पाहिलाच नव्हता. मग १९३९ मध्ये तिथे नियम आला: साठ्याची मोजणी प्रत्यक्ष पाहा आणि येणं ज्यांच्याकडून आहे त्यांना थेट विचारा.

२००९, हैदराबाद. ७ जानेवारीला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्रात कबूल केलं, की दाखवलेल्या रोख आणि बँक शिल्लकीतले ५,०४० कोटी रुपये नाहीतच. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता! पुढे अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने ठपका ठेवला, की बँकांकडून शिल्लक पडताळण्याची पत्रं ऑडिटरने कंपनीच्याच हाती सोपवली होती. म्हणजे बाटली पुन्हा दुसऱ्यानेच भरली. आणि १९३८ काय, २००९ काय, दोन्हीकडे ऑडिटरचं नाव प्राइस वॉटरहाउसच.

यानंतर आपल्याकडे सुधारणा झाल्या. २०१३ च्या कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला एकच ऑडिट फर्म सलग १० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०१८ मध्ये ऑडिटरांवर नजर ठेवणारी वेगळी सरकारी यंत्रणाही आली. हे चांगलंच झालं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. थेट विचारायची पद्धत सत्यमच्या ७० वर्षं आधीपासून होती. ती पाळली गेली नाही. ज्याचे हिशेब तपासायचे तोच फी देतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवणं अवघड जातं. माणसं बदलली तरी हे नातं तसंच राहतं.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत एवढंच विचारा: बँकेतली शिल्लक ऑडिटरने बँकेला विचारली, की सेक्रेटरीला?